भुवईतला वण

माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ खातो तो चेहरा. पटावरच्या खेळांसाठी मी थ्रीडी प्रिंटरवर सोंगट्या छापते. सोंगटी अंगठ्याएवढी, तिचं डोकं हरभऱ्याएवढं, पण गिऱ्हाईक आधी तोंडच बघणार. म्हणून मी धाकट्या बहिणीला खुर्चीत बसवलं, मोबाईलने तिचं डोकं चहूबाजूंनी स्कॅन केलं आणि कॉम्प्युटरवर तेच डोकं राणीला, धनुर्धारी बाईला, चेटकिणीला, सगळ्यांना बसवलं. आयत्या बिळावर नागोबा व्हायची मला कधीच लाज वाटली नाही. फोटोही दणक्यात पेजवर टाकले.

"चेटकीण मीच का?" धाकटी म्हणाली.

"शोभतेस म्हणून."

ती हसली. नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे लपायला आल्यापासून पहिल्यांदाच. केस तिने कानापर्यंत कापले होते, फोन नंबर बदलला होता. डाव्या भुवईत नवऱ्याने पाडलेला वण होता. स्कॅनमधून मी सगळ्यात आधी तोच पुसला. निदान सोंगट्यांच्या तोंडावर तरी त्या माणसाची निशाणी नको होती.

मग पेजवर ऑर्डर आली, भलत्याच कुणाच्या नावाने. राणी आवडली, तोच चेहरा हवा, फक्त केस कमरेपर्यंत. मी कुरकुरले. लांब केस म्हणजे छापताना प्रत्येक बटेखाली टेकू द्यायचे आणि मग ते एकेक करून कापत बसायचं. पण केस झकास उतरले. माझी मीच पाठ थोपटली आणि पार्सल धाडलं.

आज दुपारी गिऱ्हाईकाचा मेसेज आला. पार्सल मिळालं होतं.

"केस अगदी तिचेच. डाव्या भुवईतला वण तेवढा राहिलाय. तो घाला."

धाकटी मोरीत हातमोजे घालून नुकत्याच छापलेल्या सोंगट्या धूत होती. तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने सावकाश वाचलं.

"खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता?"

"होता. घरचाच."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. हातातली सोंगटी धुऊन तिने वाळत ठेवली, हातमोजे काढून खुंटीला लावले.

"ताई," ती म्हणाली, "माझी बॅग माळ्यावरच आहे ना?"