माझ्या पोटावरचा पोचा

मी बोलतेय, चित्रकलेच्या वर्गातली ॲल्युमिनियमची किटली. पूर्वी उकळी आल्याशिवाय माझ्या तोंडून आवाज निघत नसे. आता कित्येक वर्षांत पोटात पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे बोलायला सवडच सवड आहे.

कारखान्यात आधी पोट झालं, तोटी मागून जोडली, एवढंच जन्माचं आठवतं. पुढे बारा वर्षं शिक्षकांच्या खोलीत चहा वाहिला. एके दिवशी जिन्यात शिपाईकाकांचा पाय सटकला. ते कठडा धरून वाचले, मी चौदा पायऱ्या मोजत खाली गेले. पोटाला तळहाताएवढा पोचा पडला, तोटी गळू लागली. "भंगारात टाका," सगळे म्हणाले. चित्रकलेच्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "मला द्या."

तेव्हापासून मी नुसती बसते आणि मुलं माझ्याकडे बघतात. याचं मला फार नवल वाटे. चहा होता तोवर लोक कपाकडे बघत. माझ्याकडे कोण बघणार? इथे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांची, चित्रकला विषय घेतलेली मुलं एक डोळा मिटून, हात ताठ करून माझ्यावर पेन्सिल रोखत. पहिल्या दिवशी मी घाबरलेच. मग कळलं, ती माझी उंची मोजत होती.

पण एक कोडं सुटेना. एवढं मोजूनमापून कागदावर उतरे ती गोल गरगरीत, गुळगुळीत किटली. पोचा कुठेच नाही! बाई कपाळाला हात लावत. "अरे, डोक्यातली किटली काढू नका, समोरची काढा. समोर बघायचे काही पैसे पडत नाहीत."

खरंच बघणारी एकच निघाली. वर्ग तिला 'खोडरबर' म्हणे, कारण ती काढी त्याच्या दुप्पट खोडी. पहिलं वर्षभर तिचीही किटली गुळगुळीतच होती. मग एका दुपारी ती मला नाक टेकेल इतकी जवळ आली आणि स्वतःशीच पुटपुटली, "अगं, उजेडाची रेघ इथे तुटते की!" त्या दिवसापासून तिने माझा पोचा किती वेळा काढला असेल, देव जाणे. मलाही तो तिच्याच कागदावर पहिल्यांदा दिसला.

शेवटच्या परीक्षेत मीच होते. मी, दोन कांदे आणि घडी घातलेलं फडकं. चित्र दोन दिवसांत पुरं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक चित्र वस्तूंशी ताडून बघणार. वस्तू हलू नयेत म्हणून बाईंनी प्रत्येकीभोवती खडूने रेघ आखली.

पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी खोडरबरच्या वडिलांना बोलावलं होतं. पुढेही चित्रकलाच शिकायची, तर फॉर्मवर त्यांची सही हवी होती, आणि ते महिनाभर "बघू" म्हणत होते. गॅरेजमधून ते तसेच आले, हत्यारांची पिशवी खांद्यावर. गाड्यांचे पोचे काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं लेक सांगे.

"बसा, चित्रं आणते," म्हणून बाई आतल्या खोलीत गेल्या. वडील बसले. त्यांची नजर माझ्यावर पडली. मी मनात म्हटलं, आज आपली धडगत नाही.

झाकण काढून एक हात आत, बाहेर लाकडी हातोडी. टक, टक, टक. बाई चित्रं घेऊन येईपर्यंत मी नव्या नवरीसारखी गुळगुळीत होऊन परत खडूच्या रेघेत बसले होते.

"बाई, तुमची किटली ठीकठाक केली बरं का. एवढी मोठी शाळा, आणि पोचा पडलेली किटली?"

बाईंच्या हातातली चित्रं घसरायचीच बाकी होती. मागून आलेली लेक रडवेली झाली. "बाबा! तुम्ही काय केलंत हे? माझं अख्खं चित्र त्या पोच्यावर आहे!"

बाकीच्या सहा मुलांना काहीच फरक पडणार नव्हता. त्यांनी मला पहिल्यापासून धडधाकटच काढलं होतं.

वडील ओशाळले. "मग परत पाडतो. त्यात काय एवढं?"

"कुठे पाडाल? केवढा?" बाईंनी विचारलं.

त्यांनी जन्मभर पोचे काढले, पाडला एकही नव्हता. मग त्यांनी लेकीचं चित्र मागून घेतलं, माझ्याशेजारी उभं केलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही पांढरी रेघ इथे वाकलीय, ती मुद्दाम?"

"तिथे कड आहे, बाबा. पत्रा आत वळतो ना."

"अगं, आम्हीसुद्धा गाडीवर ट्यूबलाइटची रेघ बघूनच पोचा शोधतो. तुला कोणी शिकवलं?"

"किटलीने."

मग चित्रात बघून एक टोला, पुन्हा चित्र, पुन्हा टोला. "जरा डावीकडे, बाबा." "अजून खोल?" "नाही, बस." माझा पोचा जागेवर आला. सही मात्र राहिली. "उद्या बघू," म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी खोडरबरने मला निरखलं आणि चित्रातला इवलासा भाग खोडला. पोच्याच्या खालच्या कडेला हातोडीची नखाएवढी खूण राहिली होती. ती कालपर्यंत नव्हती. आज होती, म्हणून तिने काढली.

परीक्षक वाकून एकदा माझ्याकडे, एकदा चित्राकडे असे कितीदा तरी बघत राहिले. मग पुढच्या चित्राकडे वळले.

संध्याकाळी वडील तिला न्यायला आले. चित्रासमोर उभे राहिले. बोट त्या नखाएवढ्या खुणेवर थांबलं.

"हा माझा टोला," ते म्हणाले. आणि मग, "बाई, पेन आहे का?"

आता मी फळीवर असते. नवी मुलं येतात, मान खाली घालून गुळगुळीत किटल्या काढतात. बाळांनो, घाई नाही. मी कुठे जात नाही. एकदा मान वर करून बघा तरी; माझ्या पोटावर एका बापाच्या हातची खूण आहे.