छबूबाईंची नोंद

पुस्तक मागच्या पानापासून उघडणारी माणसं असतात, हे पंकजाला संगमनेरात कळलं. तोवर पुस्तकाची शेवटची पानं म्हणजे लेकरांनी चित्रं काढायची जागा, असाच तिचा समज. आता हसा खुशाल, पण तुमचा-आमचाही तोच असतो.

कॉलेजच्या ग्रंथालयात दर रविवारी सूचीची कार्यशाळा भरायची. शिकवायला पॉल सर. पुण्यात पुस्तकांच्या सूची करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं, निवृत्त होऊन गावी परतलेले. कुठलं नाव, कुठला विषय कोणत्या पानावर आहे ते वर्णक्रमानं लावून पुस्तकाच्या शेवटी द्यायचं, एवढंच ते काम. एवढंच म्हणायला, हो! करायला बसलं की घाम फुटतो. पी हळद नि हो गोरी असं ते नव्हे. सरांनी भाषण केलंच नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येकापुढे बुटांचं रिकामं खोकं नि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला आणि सांगितलं, वाचत जा, लिहीत जा, एका चिठ्ठीवर एकच नोंद.

सरावाला पुस्तकही खरंच होतं. तालुक्यातल्या दूध संस्थांचा इतिहास, महिनाअखेर छापायला जायचा होता आणि वर्गानं केलेली सूची त्याला लागायची होती. तेवढ्याच जोरावर पंकजाला घरून रविवार मोकळा मिळाला. सासूबाईंनीच, म्हणजे छबूबाईंनी, पंकजाच्या नवऱ्याला गप्प केलं. त्या पुस्तकात आपलं नाव असणार याची त्यांना खात्री होती. आयुष्यभर डेअरीला दूध घातलेलं. आळीतल्या चार बायकांना सांगूनही झालं होतं, की आमची सून माझं नाव मागच्या पानावर लावतीया.

पंकजानं पुस्तक पालथं घातलं. छबूबाई सापडल्या एकाच ठिकाणी, एका फोटोखाली, उभ्या बायकांच्या नावांच्या रांगेत. म्हणजे सूचीत त्यांच्या नावापुढे एकुलतं एक पान. घरी येऊन तिनं ते सांगितलं. छबूबाई "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. शेजारी ठेवलेला चहा तसाच गार झाला. बाई कधी कुणाकडे काही मागत नसत आणि मागितलं ते एवढंसं, तेही पंकजाला मनासारखं देता येईना.

पुढच्या रविवारी तिनं सरांना बाजूला घेऊन विचारलं, एखाद-दुसरं पान जास्तीचं लावलं तर चालेल का? सर रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत.

"सूची एकदा खोटं बोलली, की अख्खं पुस्तक खोटं पडतं, बाळ," ते म्हणाले.

वर त्यांनी घरचा अभ्यास दिला. ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही, अशा कुणाला तरी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवा. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला सापडते, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी ओट्यावर छबूबाई शेंगा फोडत होत्या. पंकजा खोकं घेऊन शेजारी बसली आणि वाचू लागली. अध्यक्ष, आंबोण, करडई पेंड... छबूबाईंचं निम्मं लक्ष शेंगांत. चिठ्ठ्या 'म'पर्यंत आल्या. "मुक्ता शेळके. बायकांच्या नावावर दूध. मापावरून भांडण. पहिली बैठक."

शेंगा फोडणारा हात थांबला. त्या मुक्ताची पानं लई हायेत का, असं त्यांनी विचारलं. लई म्हणजे, अख्खं प्रकरणच होतं. नदीपलीकडच्या गावातली बिनलग्नाची पोर, सातवी शिकलेली. दूध बायकांनी काढायचं नि नाव मात्र नवऱ्याचं लागायचं. ते बायकांच्याच नावावर घ्या म्हणून ही पोर डेअरीत दूध मोजायच्या मापाजवळ ठाण मांडून बसली. अध्यक्ष ओरडला तरी हलली नाही. पण पुढे तिचं काय झालं, ती कुठेच सापडत नाही, असं लेखकानं लिहून ठेवलं होतं.

"सापडंल कशी?" छबूबाई म्हणाल्या. "ती हितं शेंगा फोडतीया."

घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा. सासूबाई माहेरच्या शेळके हे पंकजाला ठाऊक होतं, पण त्या गावात दगड मारला तर तो शेळक्यालाच लागेल. मामा मंडळी त्यांना आक्काच म्हणायची. त्यांना मुक्ता म्हणून या घरात कुणी हाक मारलीच नव्हती. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचं नाव मुक्ता, मग एका घरात दोन मुक्ता कशाला, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं छबू लिहिलं गेलं. तिथं मुक्ता संपली. पंकजाचंही तसंच झालेलं. माहेरची ती मोनिका. हे फॅशनचं नाव नको म्हणून पंकजा हे नाव काढलं होतं खुद्द छबूबाईंनी.

पंकजानं सरांना सांगितलं, सरांनी लेखकाला कळवलं आणि तो घरी येऊन, बोलून, खात्री करून गेला. प्रश्न उरला नोंदीचा. एक माणूस एकाच जागी, हा सरांचा नियम. दुसऱ्या नावापुढे फक्त 'पाहा' लिहून पहिल्याकडे धाडायचं. करण, पंकजाचा नवरा, म्हणाला, आईला सारं गाव छबूबाई म्हणून ओळखतं, तिथंच ठेव. सरांनी मात्र सांगितलं, जिचं नाव तिलाच विचार.

पंकजानं विचारलं. छबूबाई म्हणाल्या, "मापापशी मुक्ता बसली हुती. छबूला कोन वळखतंय तिथं."

पंकजानं चिठ्ठी लिहिली, 'छबूबाई : पाहा मुक्ता'. त्यांनी ती बोट फिरवत दोनदा वाचली आणि 'पाहा' कशाला, ते नीट समजून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

सूचीच्या खाली सूचीकारांची नावं येणार होती. पंकजानं आपलं नाव लिहून ठेवलेलं छबूबाईंना दिसलं. त्यांनी खोक्यातून एक कोरी चिठ्ठी ओढली, पेन मागितलं आणि सातवीतल्या त्या गोल अक्षरात सावकाश लिहिलं, 'पंकजा : पाहा मोनिका'.

"ही बी छापाया दे," त्या म्हणाल्या. "'म'मंदी मुक्ताच्या शेजारीच येतीस तू."