कोमातल्या बाईचे ओठ

टेक १

माई मेल्या नाहीत, कारण चिरंजीवाला वाक्य आठवलं नाही.

वाक्य असं होतं : "आई, ज्या घराचं तू छप्पर होतीस, त्या घरात आता नुसता पाऊस पडेल." ते संपलं की पलंगाशेजारच्या यंत्रावरची रेघ सपाट होणार, माईंची मान उजवीकडे कलणार आणि मालिकेतली सासू कायमची जाणार, असं ठरलं होतं. माई डोळे मिटून तयार होत्या.

"आई," चिरंजीव हुंदका देत म्हणाला, "ज्या पावसाचं तू छप्पर होतीस..."

"कट," दिग्दर्शक म्हणाला.

चिरंजीव हे काही त्याचं नाव नव्हे. पण या मालिकेत तो माईंचा मुलगा होता, आधीच्या मालिकांतही कुणाचा ना कुणाचा मुलगाच होता, म्हणून सेटवर त्याला सगळे चिरंजीव म्हणत. त्यालाही ते आवडायचं.

टेक २

"...त्या छपरात आता नुसतं घर पडेल."

टेक ३

"आई, ज्या घराचं... ज्या घराचं... सॉरी, सॉरी. माई, सॉरी हं."

माई काही बोलल्या नाहीत. त्या कोमात होत्या.

कोमात कशा गेल्या

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांनी आठवडाभर रजा मागितली, तर लेखकाने त्यांना जिन्यावरून ढकललं. परत आल्या तेव्हा नवीन डोळ्यांना सगळं लख्ख दिसत होतं आणि काम होतं डोळे मिटून पडायचं. ते वर्षभर चाललं.

पडून राहणं लोकांना सोपं वाटतं. छातीने श्वास घेतला की चादर हलते आणि प्रेक्षक फोन करतात. माई बरगड्यांच्या मागच्या बाजूने श्वास घ्यायच्या, गादीत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना कुणीच काही शिकवलं नव्हतं. चौदाव्या वर्षी नाटकात गेल्या त्या विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायला. सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ, म्हणून नायिकेला ताप आला तेव्हा त्यांनाच पुढे ढकललं. मग सिनेमा. तीन सिनेमांत नायिका, चौथ्यात नायिकेची मैत्रीण, पाचव्यात वहिनी. सहाव्यात ज्याची आई झाल्या, तो नायक त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होता आणि शॉट झाला की वाकून नमस्कार करायचा. मग टीव्ही आला आणि माई सासू झाल्या. सासूला मरण नसतं, असं तेव्हा सगळे म्हणायचे.

जेवणाची सुट्टी

मुलीचा फोन आला.

"आई, मेलीस का गं?"

"अजून नाही. याला वाक्य येत नाही."

"किती वेळ?"

"काय सांगू? डबा खाऊन घेतला."

समोरून लेखक आला आणि ताट घेऊन शेजारी बसला. गडी मनाचा मऊ होता. मारायचा आणि मग येऊन जेवायचा.

"माई, एक सांगू? कुणाला बोलू नका. चिरंजीवाला पाच वाजता विमानतळावर पोचायचं आहे. दोन महिने परदेशात, टीव्हीवरच्या त्या जंगलातल्या स्पर्धेला. चॅनलला आई मुलाच्या हातातच मरायला हवी आहे. आज नाही झालं, तर तुम्ही दोन महिने अशाच."

"पडून?"

"पडून. आणि दोन महिन्यांत काय सांगावं, मी तुम्हाला उठवेनसुद्धा. खणखणीत उठवेन. उठल्या उठल्या सुनेच्या कानाखालीच."

माईंनी भाताचा घास तसाच हातात धरला. सासू गेल्यावर पुढे काय, हे त्यांनी दोन ठिकाणी विचारून पाहिलं होतं. एकीकडे आजीचं काम होतं, पण ते भिंतीवरच्या फोटोचं.

"पुढच्या टेकला काय होईल असं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"त्याला? त्याला जन्मात यायचं नाही," लेखक म्हणाला. "तुम्हाला तर ठाऊकच आहे."

माईंना काय ठाऊक होतं

चिरंजीवाने चार वर्षांत एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

कॅमेरा त्याच्यावर असला की माईंची पाठ कॅमेऱ्याकडे असायची आणि त्या ओठांनी, आवाज न काढता, त्याचं वाक्य म्हणायच्या. विंगेतली सवय. तो त्यांच्या ओठांकडे बघत बघत बोलायचा. मुलगा आईकडे किती प्रेमाने बघतो, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्याला त्यासाठी बक्षीसही मिळालं. व्यासपीठावरचे आभार त्याला कागदावरून वाचावे लागले, कारण माई सातव्या रांगेत बसल्या होत्या.

माई कोमात गेल्यापासून लेखक त्याला "आई!" आणि "डॉक्टर!" एवढंच देत होता. आज मात्र मरण होतं, म्हणून पूर्ण वाक्य दिलं होतं.

टेक ९

"आई, ज्या डॉक्टरांचं तू..."

कुणीतरी फिस्सकन हसलं. माईंच्या चादरीखाली सगळं ठीक होतं. त्या मनातल्या मनात दोन महिने मोजत होत्या.

टेक ११, लांबून

झालं.

टेक ११, झालं नाही

लांबून त्याचे नुसते हलणारे ओठ चालून गेले होते, पण यंत्राचा आवाज त्यात आला नव्हता.

टेक १४, फक्त चिरंजीवाचा चेहरा

"साडेतीन झाले," दिग्दर्शक म्हणाला. "आता जवळून घेऊ. माई फ्रेममध्ये नाहीत. हात धर त्यांचा आणि बोल. नाही आलं तर सोडून देऊ. गाडी येऊन थांबली आहे खाली."

"जमेल," चिरंजीव म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"ॲक्शन."

"आई," तो म्हणाला. "ज्या घराचं..."

मग शांतता झाली.

नट थांबतो ती शांतता वेगळी आणि वाक्य विसरतो ती वेगळी. एक भरलेली असते आणि दुसरीत माणूस पाय मारत असतो. माईंना डोळे मिटूनही कळायचं. चौदाव्या वर्षापासून ही दुसरी शांतता त्यांनी दोन श्वासांपुढे कधी जाऊ दिली नव्हती. आज जाऊ द्यायची होती. गप्प पडून राहिलं की झालं. तेवढं तर त्या वर्षभर करतच होत्या.

एक श्वास. दोन.

चिरंजीवाचा हात घामाने थबथबला होता. त्याने माईंची करंगळी दाबली. लहान मूल वर्गात उभं केल्यावर बाकाची कड दाबतं, तशी.

तीन.

"कार्ट्या," माई मनात म्हणाल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

ओठ हलले. छप्पर. होतीस. त्या घरात.

चिरंजीव बघत राहिला आणि बोलत गेला. घर घराच्या जागी आलं, पाऊस पावसाच्या जागी. "नुसता पाऊस पडेल," म्हणताना त्याच्या लक्षात आलं असावं की हे आता शेवटचं, कारण पाणी आलं ते ग्लिसरीनचं नव्हतं. नाकातूनही आलं.

"कट! काय दिलंस रे! काय दिलंस!"

माईंनी डोळे मिटून घेतले.

टेक १५, मरण

एकाच टेकमध्ये.

पॅकअप

चिरंजीव जिना उतरता उतरता परत वर आला. मेकअपदादा माईंच्या डोळ्यांखालची काजळी पुसत होता.

"माई, तिकडे जंगलात वाक्यं नसतात म्हणे."

"बरं झालं."

"पण परत आल्यावर मी कुणाकडे बघू?"

"पाठ कर, मेल्या," माई म्हणाल्या.

तो गेला. लेखक दारातून डोकावला, त्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि तोही गेला.

"थोडी काजळी ठेवू का?" मेकअपदादाने विचारलं. "बसमध्ये जागा मिळेल."

"ठेव."

मुलीचा फोन आला. "मेलीस?"

"मेले."

"त्याला वाक्य आलं?"

"आलं."

"आई, तू ओठ हलवलेस."

"येताना काही आणायचंय का?" माईंनी विचारलं.

बस भरलेली होती. खिडकीशी बसलेल्या बाईने माईंकडे एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि ती पिशवीसकट उभी राहिली.

"अगंबाई! तुम्ही कोमात ना?"

"आज गेले."

"गेलात?" बाईने तोंडावर हात ठेवला. "कधी दाखवणार?"

"शुक्रवारी."

बाईने बोटांवर हिशेब केला. तिचा चेहरा जरा सैल झाला.

"मग शुक्रवारपर्यंत आहात," ती म्हणाली. "बसा, बसा."

माई बसल्या.