वाकडी सुई

नवऱ्याची क्योटोला बदली झाली आणि टोकियोतली खोली सोडून आम्ही त्याच्या आईकडे राहायला आलो, त्याला जेमतेम महिना झाला होता. अर्ध्या पेट्या अजून बांधलेल्याच होत्या. काड्यापेटी कुठल्या खणात, गोधड्या कुठल्या कपाटात, सगळं विचारावं लागे, आणि विचारायचा मला भारी कंटाळा. शिवणाची पेटी तेवढी मी पहिल्याच दिवशी सोडली. टोकियोच्या एका गिऱ्हाइकाचा रेशमी किमोनो अर्धवट राहिला होता. तो मांडीवर घेतला की या परक्या घरात मला जरा बरं वाटायचं.

सासूबाईंना ते रुचलं नव्हतं.

"फुसाए, मूल रांगायला लागलंय," त्या म्हणाल्या होत्या. "सुई आणि रांगतं मूल एका खोलीत! टोकियोत चालत असेल बाई."

"मी सुया मोजून काढते आणि मोजूनच ठेवते, आई. आजवर एक हरवली नाही."

हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं होतं.

डिसेंबरातली ती सकाळ कडक थंडीची होती. सासूबाई बाजारात गेल्या. मिनोरूला चटईवर सोडून मी पेटी उघडते तोच शेजारच्या ओकिमुराबाई गल्लीत फिरणारी सूचनांची पाटी घेऊन दारात उभ्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"अगंबाई, आजसुद्धा सुई? टोकियोच्या बायका कामाला वाघ हं!"

इथली माणसं गोड हसून कौतुक करू लागली की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय. काय चुकलं ते मात्र मेलं कोणी सांगत नाही. त्या गेल्यावर मी चिडून बाहीला टाके घालत सुटले, आणि सुया मोजायच्या राहूनच गेल्या.

जेवायच्या वेळी मोजल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या, तरी एक कमीच. शिवण शिकताना घेतलेली, मधे जराशी वाकलेली माझी सगळ्यात जुनी सुई सुया टोचायच्या गादीत नव्हती. खाली पडली तर पटकन दिसावी म्हणून माझ्या प्रत्येक सुईत मी लाल दोरा ओवून ठेवते. तो लाल दोरा शोधायला मी मान वळवली आणि मिनोरू दिसला. तो भिंतीशी बसून काहीतरी चघळत होता.

मी झेपावले. त्याच्या तोंडात बोट घातलं, तर ओठाच्या कोपऱ्यातून ओला लाल दोरा निघाला. नुसता दोरा. सुई नाही.

मी त्याची जीभ पाहिली, टाळू चाचपला, हिरड्यांवरून बोट फिरवलं. तो कडाडून चावला आणि रडायला लागला. रडताना घशातून आवाज नीट येतोय का, ते मी ऐकत राहिले. मग तेही समजेना. त्याचे सगळे कपडे काढून शिवणीन् शिवण दाबून पाहिली. पायमोजे फेकले आणि अनवाणी चटईवर फिरले. रुतली तर माझ्याच पायात रुतू दे, मिळू तर दे! काही रुतलं नाही. चटयांच्या फटींतून पट्टी फिरवली, पाय शेकायच्या शेगडीवर पांघरलेली गोधडी उलटी करून झटकली. जुन्या घरातली एकेक फट मला पाठ होती. इथे कुठे काय घरंगळत जातं, तेही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मिनोरू खोकला. एकदाच, बारीकसा.

मी त्याला गुंडाळून पाठीशी बांधलं आणि दाराकडे धावले. दारात पोचल्यावर लक्षात आलं, डॉक्टर कुठे राहतात हे मला माहीतच नाही. एका महिन्यात मी तेवढंही विचारलं नव्हतं. मी उंबऱ्यात तशीच उभी राहिले, आणि समोरून सासूबाई आल्या. हातात मुळ्याची जुडी.

"आई, डॉक्टर कुठे? मिनोरूनं सुई गिळलीय! माझी सुई! वाकडी, जुनी... तोंडात दोरा होता..."

मुळे खाली पडले. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की हाड दुखलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी ओढत मला आपल्या खोलीत नेलं. त्या खोलीत मी कधी पाय ठेवला नव्हता.

देवाच्या फळीवर एक ताटली होती. ताटलीत कोन्याकू कंदाची मऊ, लिबलिबीत वडी, आणि वडीत सुया खोचलेल्या. बहुतेक गंजलेल्या, मोडक्या. मधोमध माझी वाकडी सुई.

"आज सुयांचा दिवस ना," त्या पुटपुटल्या. "वर्षभर राबतात बिचाऱ्या. आज शिवायचं नसतं, त्यांना मऊ जागी टेकवायचं."

"आमच्याकडे तो फेब्रुवारीत असतो!"

"फेब्रुवारीत?" त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "सकाळी तू भात लावत होतीस तेव्हा घेतली. वाकली होती गं. दोरा ठेवत नाहीत म्हणून ओढून काढला. पडला असेल तिथेच."

जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विचारायचं तरी! मला वाटलं, माझं पोर..."

"म्हटलं, घरातल्या दोघींच्या सुया एकाच ताटलीत असाव्यात," त्या खाली बघत म्हणाल्या. "घरातल्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून मिनोरूला सोडवलं, त्याचं तोंड उघडून आपल्या बोटानं आतून सगळं पाहिलं आणि त्याला माझ्या कुशीत दिलं. मग त्या माझ्या शिवणाच्या जागी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही तळवे चटईवर टेकून इंच इंच चाचपू लागल्या.

"आई, सुई सापडलीय ना."

"माहीत आहे."

त्या थांबल्या नाहीत. किमोनोची अर्धी बाही त्यांनी अलगद बाजूला सारली, तिच्याखाली चाचपलं, आणि भिंतीपर्यंत जाऊन परत फिरल्या. मीही मिनोरूला काखेत धरून दुसऱ्या टोकाला गुडघे टेकले आणि मोकळ्या हातानं चाचपायला लागले. चटईवर काहीच नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"उद्यापासून," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "सुया मोजशील ना, तेव्हा मोठ्यानं मोज. मला आत ऐकू येईल असं."