बेल जात होती

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास विकास मोटरसायकलवरून रामरावांच्या घरापुढे उतरला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. प्रयागबाई ओसरीत सोयाबीन पाखडत होती. तिनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. विकास तिच्या मोठ्या बहिणीचा मुलगा. त्याचे वडील जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आता त्यानं डोकं भादरावं असं एकच माणूस उरलं होतं.

"कवा?" तिनं विचारलं.

"शनिवारी. सकायी सहाले."

तो राख सावडून जऊळक्याहून सरळ इकडे आला होता. प्रयागबाईनं पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही. बसलाही नाही. दोन दिवस मनात धरलेलं त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. शनिवारी सहा वाजल्यापासून दुपारपर्यंत तो फोन करत होता. रामरावांचा मोबाइल लागत नव्हता. तो घरीच पडलेला असे आणि घरात कधीच लागत नसे. त्यांचं घर केनवडपासून अर्धा मैल बाहेर, नाल्याच्या खोलगटीत, आणि रेंज यायची ती फक्त वर सडकेवर. म्हणून नातेवाईक घरच्या फोनवरच करत.

"बेल जात होती, मावशी. पुरी बेल जात होती. कोणीच उचलत नव्हतं. आमाले वाटलं, कोणाकडून तरी समजलं असन, कुलूप लावून निघाले असान. चार वाजेपर्यंत ठेवलं मायले. लोक म्हणत, उचला आता. मी म्हणो, थांबा, मावशी रस्त्यात हाये."

प्रयागबाई त्याच्याजवळ गेली. तिनं त्याचा हात धरून त्याला आत नेलं, फोनचा रिसीव्हर उचलला आणि त्याच्या कानाला लावला. आत काहीच आवाज नव्हता.

"बुधवारपासून मुका हाये थो," ती म्हणाली. "तुह्ये काका रोज तक्रार करून राह्यले. कोणी आलंच नाही, बाप्पा."

रामराव दारात उभे होते. विकासनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

तक्रार त्यांनी एकदाही केली नव्हती.

त्याचं कारण बुधवारी घडलं होतं. रामरावांची विहीर सडकेच्या एका बाजूला आणि हरभऱ्याचं वावर दुसऱ्या बाजूला. तुषार संच चालवायचा तर पाइप सडकेखालच्या मोरीतून पलीकडे काढून पुढे सडकेच्या कडेनं नाली खोदून न्यावा लागणार होता. त्यांनी किशनचा जेसीबी बोलावला. खोदता खोदता जेसीबीच्या दातांना एक काळी केबल अडकून वर आली आणि तुटली. किशननं मशीन थांबवून विचारलं, हे कोणाचं? रामराव म्हणाले, जुनं असेल, मेलेलं, बुजव. किशननं बुजवलं. त्याच्या लेखी हे रोजचंच होतं. गावात त्या वर्षी अशा कितीतरी नाल्या खोदल्या गेल्या होत्या आणि केबल तुटली तर वर माती लोटायची अशीच रीत पडली होती. सांगायला गेलं तर दंड होतो, पोलीस येतात, काम बंद पाडतात, असं जो तो म्हणे. खरंच कोणाला दंड झाला का, हे कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर फोन बंद. रामरावांना तेव्हाच कळलं. पण त्यांनी मनात हिशेब बांधला. आठ दिवसांत हरभऱ्याचं ओलित होईल, नालीवरची माती बसेल, मग तक्रार करू. माती बसली की कोणी खोदलं ते दिसणार नाही. आठ दिवस फोन नसला तर काय अडतं?

अडणार होतं ते प्रयागबाईचं. तिची आक्का, रत्नमाला, दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. रोज संध्याकाळी सातला दोघी बहिणी फोनवर बोलत. बोलणं काही मोठं नसे. आज काय रांधलं, सुनेनं काय म्हटलं, गाय दूध देते का. आक्का सुरुवातच अशी करायची, "कावं, जित्ती हायेस का?" आणि प्रयागबाई म्हणायची, "तू मोठी हायेस, आधी तुहा नंबर." मग दोघी हसायच्या. रामराव बाहेर बाजेवर पडल्या पडल्या ते हसणं ऐकत. पन्नास वर्षांच्या संसारात बायको एवढी मोकळी त्यांच्यापुढे कधी हसली नव्हती.

बुधवारी रात्री आणि गुरुवारी तिनं दहादा रिसीव्हर उचलून पाहिला. रामराव तिला रोज सांगत, तक्रार देऊन आलो. गुरुवारी ती म्हणाली, मले सडकेवर घेऊन चाला, मोबाइलवरून तरी बोलू द्या. तिचे गुडघे गेलेले, चढ तिला एकटीला चढवत नसे. रामरावांना तुषारचे पाइप बदलायचे होते. ते म्हणाले, उद्या नेतो. शुक्रवारीही उद्या नेतो म्हणाले. शनिवारी सकाळी सहाला आक्का गेली.

विकास निघून गेल्यावर प्रयागबाई न्हाली, ओल्या केसांनी चुलीपुढे बसली आणि तिनं चूल पेटवलीच नाही. दोन दिवसांनी तिनं पातळ बदललं आणि म्हणाली, मी रिसोडले जातो, टेलिफोन ऑफिसात. रामराव म्हणाले, मी जातो.

"नका जाऊ," ती म्हणाली. "तुमी लय चकरा मारल्या. आता माह्या तोंडानं ऐकू द्या त्यायले."

ती एसटीनं गेली आणि दुपारी परत आली. आल्या आल्या सांगू लागली. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाला, आजी, या नंबरची तक्रारच नाही. ती त्याच्याशी भांडली होती. माझा नवरा काय खोटं बोलते का, असं तिनं त्याला चार लोकांत विचारलं होतं. त्यानं आता तरी लिहून घेतली आणि उद्या माणूस पाठवतो म्हणाला.

"तुमच्या नावावर खोटं बोलतात हे लोक," ती म्हणाली.

रामरावांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तोंडात गेला नाही आणि ताटातही ठेवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी लाइनमन जानराव आला. पन्नाशीचा, कंत्राटावरचा माणूस. बत्तीस गावांच्या तारा तो आणि आणखी एक, असे दोघे पाहत. त्यानं घाई केली नाही. आधी स्वतःच्या पिशवीतलं दुसरं यंत्र काढून लावून पाहिलं. बंद. मग भिंतीवरची डबी उघडली, वायरी पुसल्या, पुन्हा पाहिलं. बंद. घरातून खांबापर्यंतची तार पाहिली, ती साबूत होती. खांबावरच्या पेटीत मीटर लावला आणि खाली उतरून म्हणाला, घरात काही बिघाड नाही, वहिनी. जमिनीत आहे.

प्रयागबाई ओसरीतच थांबली. जानराव सडकेच्या कडेनं चालू लागला. रामराव त्याच्या मागे.  पळून जावं तर सत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या वावरातून कुठे पळणार? जानराव दर काही पावलांनी थांबून जमीन पाहत होता. हरभऱ्याच्या बांधाशी आला. तिथं सडकेला लागून नवी माती दिसत होती, आणि तिच्या एका टोकाला रामरावांचा पाइप वर निघालेला होता.

जानराव खाली बसला. हातानंच माती उकरली. वीतभर खोलीवर केबलचं तुटकं टोक लागलं. त्यानं ते पुसलं, पाहिलं, आणि शेजारच्या पाइपाकडे पाहिलं.

"कवाची गोष्ट?"

"मागच्या बुधवारची."

"तुमाले मालूम होतं?"

रामरावांनी होय म्हटलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. किशन, जेसीबी, आठ दिवसांचा विचार, आणि शनिवारी काय झालं ते.  ऐकून झाल्यावर जानराव नालीच्या काठावर बसला.

"रामरावभाऊ, केबल तुटते. जेसीबीले का डोये असतात? माह्या हातानं बी तुटल्या. त्याले मी पाप नाही म्हणत. पण तुमी त्याच्यावर माती टाकली. थेच वाईट झालं. त्या दिवशी एक फोन केला असता सडकेवरून, तर मी बुधवारीच दोन घंट्यात जोडून देल्ली असती."

रामराव म्हणाले, दंडाची भीती वाटली.

"दंड असन बी. मी नाही म्हणत नाही. पण तो भरून मोकळं होता येते. हे भरता येते का?"

मग तो केबलचं टोक हातात धरून सांगू लागला. तार तुटली तरी फोन करणाऱ्याला बेल जातच राहते, इकडे मात्र काही वाजत नाही. या एका केबलवर नऊ घरांचे फोन होते. गावातल्या निताच्या सेवा केंद्राचं इंटरनेटही याच केबलवर. आठ दिवस तिचा इंटरनेटचा डबा लाल दिवा दाखवत होता आणि लोक पीक विम्याच्या कागदासाठी रिसोडला चकरा मारत होते. निताला वाटलं, बाकीच्यांनी तक्रार केली असेल. बाकीच्यांना वाटलं, निता करेल, तिचा धंदा आहे.

"नऊ घरं," जानराव म्हणाला. "आठ दिवस. एकाची तक्रार नाही. पह्यली तक्रार केली थे तुमच्या घरच्या बाईनं, गुडघे दुखत असताना एसटीनं जाऊन. आमाले लोक म्हंतात, झोपा काढता. आमाले सपन पडत नाही, भाऊ, कुठं कोणी काय गाडलं त्याचं."

त्यानं पिशवीतून हत्यारं काढली. दीड तास एकेक तार जुळवत बसला. रामरावांनी न सांगता पाइपाजवळची माती बाजूला केली, पाणी आणून दिलं. काम संपलं तेव्हा जानराव उठत म्हणाला, "वहिनीले मी सांगू, का तुमी सांगता?"

"मी सांगतो."

घरी आले तेव्हा फोन सुरू झाला होता. प्रयागबाईनं रिसीव्हर कानाला लावून ठेवला होता, नुसताच. तिनं जानरावाला चहा दिला आणि चहा देता देताच बोलायला लागली. माझी बहीण गेली. तोंड पाहायला मिळालं नाही. हा माणूस रोज तक्रार करत होता आणि तुम्ही लोक लिहूनसुद्धा घेत नव्हते. दीड तासाचं काम होतं ना? मग आठ दिवस कुठे होते?

जानरावानं कप हातात धरून सगळं ऐकून घेतलं. त्यानं एकदा रामरावांकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. रामरावांनी तोंड उघडलं.

"इचारा यायले," प्रयागबाई म्हणाली, "किती फिरले माह्यासाठी. दुसरा असता तर म्हटलं असतं, मरू दे बुढीचा फोन."

रामरावांचं तोंड तसंच मिटलं.

"चुकलं, वहिनी," जानराव म्हणाला. "आमचंच चुकलं." त्यानं चहा संपवला, कप स्वतः धुऊन पालथा घातला आणि गेला.

त्यानंतर रामराव बदलले, हे गावानं पाहिलं. केबल जिथून जाते तिथे त्यांनी दर वीस पावलांवर दगड रोवले आणि चुन्यानं पांढरे केले. कोणी नाली खोदायला काढली की हे काठी घेऊन हजर. किशन थट्टा करायचा, "बुढा टेलिफोन खात्यात लागला का, हो?" रामराव हसत नसत. फोन बंद पडला की तासाभरात त्यांची तक्रार जाई, आणि स्वतःचाच नव्हे, शेजाऱ्याचा बंद असला तरी. पण घरात येऊन प्रयागबाईपुढे बसले की जीभ उचलत नसे. पोळा झाला की सांगू, असं ठरवलं. मग आक्काचं वर्षश्राद्ध झाल्यावर. तिचा चेहरा पाहिला की वाटे, आज नको, आज ती बरी आहे. किंवा, आज नको, आज ती आधीच रडली आहे.

वर्षश्राद्धही होऊन गेलं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रयागबाई तीन दिवसांच्या तापानं गेली. या वेळी फोन सुरू होता. विकास दोन तासांत पोचला.

तेराव्याला रामरावांनी विकासला बाजूला घेऊन खरं सांगितलं.  विकासनं एवढंच विचारलं, "मावशीले मालूम होतं?" रामराव नाही म्हणाले. विकास उठून पंगतीत जाऊन बसला. त्यानंतर त्यानं फोन केला नाही.

ग्रामसभेतही रामराव उभे राहिले. सगळ्यांसमोर सांगितलं की त्या वर्षी केबल माझ्या हातानं तुटली आणि मी ती झाकली. लोक खाली पाहत बसले, कारण झाकणारे त्या सभेत एकटे रामराव नव्हते. त्या दिवशी ठरलं की सडकेजवळ खोदायचं असेल तर आधी जानरावाला फोन करायचा, आणि तुटलंच तर त्याच दिवशी सांगायचं. तेव्हापासून केनवडात चारदा केबल तुटली. चारही वेळा ती त्याच दिवशी जोडली गेली.

वाचकहो, आपल्या दारावरून जी तार जाते ती फक्त आपली नसते. तिच्या दुसऱ्या टोकाला कोण आजारी आहे, कोण कोणाची वाट पाहतं, हे आपल्याला दिसत नाही. चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. दुसरा कोणी तक्रार करेल म्हणून थांबू नका. आणि घरातल्या माणसाला सांगायचं असेल तर चांगला दिवस शोधत बसू नका.

जानराव आता वाशीमकडे कामाला गेला आहे. रामरावांनी त्याची माफी मागितली, गावाची मागितली, विकासची मागितली. प्रयागबाईची मागितली नाही. दोष जानरावाचा होता असंच समजून ती गेली. तिला खरं सांगायचं राहून गेलं.