पान एकशे त्रेचाळीसवरची जागा

बोरघिल्द होल्मेनचं पत्र चारच ओळींचं होतं. "मास्तर, तुमचं पुस्तक मिळालं. पान एकशे त्रेचाळीस वाचलं. ती जागा तुम्हाला योरूननं दाखवली का? एवढंच कळवा." सोबत एक रिकामं पाकीट होतं. त्यावर तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचा पत्ता लिहिला होता आणि तिकीटही लावलं होतं. मला फक्त आत कागद घालायचा होता.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. उत्तर एका शब्दाचं होतं: नाही. पण त्या शब्दाच्या पाठोपाठ बोरघिल्दनं विचारलं असतं, मग कशी सापडली? त्याचं उत्तर माझ्यानं लिहवेना. हे आता तरी नीट सांगता येईल की नाही, माझी मलाच खात्री नाही.

माझं पुस्तक म्हणजे उत्तरेकडच्या रानवनस्पती ओळखण्याचं साधं ओळखपुस्तक. तीनशे बारा झाडंझुडपं, प्रत्येकाचं मी काढलेलं चित्र, आणि खाली ते झाड कुठे सापडतं ते. कोटाच्या खिशात मावतं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण लोक मला ओळखतात ते या पुस्तकामुळे. गेल्या आठवड्यात प्रकाशकांकडून इंगविल्द नावाच्या मुलीचा फोन आला.

"नवी आवृत्ती काढतोय आम्ही. काही चुका दुरुस्त करायच्या असतील तर आत्ताच कळवा."

"एक आहे," मी म्हणालो.

"एकच? मग तर छानच!" ती हसली.

त्या दुपारी मी जुनी प्रत घेऊन खिडकीशी बसलो. ऑगस्टात आमच्याकडचा सूर्य डोक्यावर चढतच नाही, डोंगरांच्या कडेनं रेंगाळत फिरतो, आणि घरातला उजेड पातळ चहासारखा होतो. पुस्तक वाचायचं म्हणून उघडलं, पण मी वाचत नव्हतो, चालत होतो. लव्हाळ्यांच्या पानावर पाय ओले झाले. नेच्यांच्या पानावर सावली आली. खुरट्या भूर्जांमधून वाट काढताना कुणाचं तरी गुणगुणणं ऐकू आलं, आणि मी एकशे त्रेचाळीसपाशी थांबलो. पत्र तिथेच होतं. कागद पिवळा पडला होता, अक्षर मात्र ताजं होतं.

त्या उन्हाळ्यात मी योरूनच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. योरून आणि बोरघिल्द या सख्ख्या बहिणी. आईनं मरताना दोघींच्या कानात एक जागा सांगितली होती: मोल्त्यांची दलदल. आमच्याकडे मोल्त्यांची जागा कुणी कुणाला सांगत नाही. ही केशरी फळं उगवतात थोडी, पिकतात एकदाच, आणि ज्याला जागा ठाऊक त्याचीच असतात. नवरा बायकोपासून लपवतो. माणसं बादलीवर फडकं टाकून लांबच्या वळशानं घरी येतात, आणि बुटांच्या चिखलावरून कुणी माग काढू नये म्हणून ओढ्यात बूट धुतात.

योरूनही धुवायची. पण एका संध्याकाळी तिनं बूट दाराशी काढून ठेवले, आणि त्यांच्या नाडीत मला एक पाकळी दिसली. पिवळी, बुडाशी शेंदरी ठिपके. ते फूल मी सात उन्हाळे शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली आणि थोड्या वेळानं मीही निघालो. दव पडलेल्या गवतात तिच्या पावलांची गडद रेघ उमटली होती. धुकं इतकं दाट होतं की त्या रेघेपलीकडे जगच नव्हतं. होडीधक्का गेला, जुळा भूर्ज गेला, ओढा गेला. मग धुकं जरासं उचललं आणि मी ती फुलं पाहिली. चिमुकल्या पिवळ्या वाट्या, शेकड्यांनी. त्यांच्या चहूकडे मोल्ते निखाऱ्यांसारखे फुललेले. दूर योरूनची पाठ, वाकलेली, गुणगुणणारी. मी गुडघ्यांवर बसून पाहत राहिलो. किती वेळ, ते आजही सांगता येत नाही. कधी कधी वाटतं, मी अजून तिथेच आहे.

मग मी परतलो आणि पुस्तकात लिहिलं: लांगव्हान तळ्याच्या जुन्या होडीधक्क्यापासून उत्तरेला दोन किलोमीटर, जुळ्या भूर्जापलीकडे, ओढा ओलांडून. मी दक्षिणेतून आलेला असलो तरी इतका अडाणी नव्हतो. ती कुणाची जागा आहे हे मला कळलं होतं. पण ठिकाण न लिहिलेलं फूल म्हणजे ऐकीव गोष्ट, अशी माझी तेव्हा समजूत होती. प्रस्तावनेत तर मी अभिमानानं म्हटलंय, सगळी ठिकाणं लेखकानं स्वतः चालून शोधली. चाललो होतो, हे खरं.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे तंबू लागले. माणसं एका हातात माझं पुस्तक आणि दुसऱ्यात बादली घेऊन आली. आणि त्या दोघी बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. तळ्याच्या दोन काठांना दोघींची घरं आहेत. एकीच्या धुराड्याचा धूर दुसरीला दिसतो, तेवढंच.

फोनच्या दुसऱ्या दिवशी पत्र आणि पाकीट खिशात घालून मी बसनं योरूनकडे गेलो. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. दार उघडून तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मास्तर! जिवंत आहात होय? या. बूट काढा, आत्ताच पुसलंय."

तिनं कॉफी ठेवली. गरम वाफलवर तपकिरी चीजचे काप घालून बशी पुढे सरकवली. मी खात राहिलो. तीन वाफल झाले.

"एकतीस वर्षांनी फक्त खायला आलात का? असलात तर तसं सांगा, आणखी पीठ भिजवते."

मी पत्र टेबलावर ठेवलं. बहिणीचं अक्षर तिनं लांबूनच ओळखलं. डोळ्यांवर चष्मा चढवून तिनं ते सावकाश वाचलं.

"योरूनबाई, त्या दिवशी मी तुमच्या मागून…"

"ठाऊक आहे."

मी कप खाली ठेवला.

"अहो, त्या दिवशी जेवायच्या वेळी तुमचे बूट दाराशी होते. चिखलानं बरबटलेले, आणि टाचेला पिवळी पाकळी. एवढे शिकलेले तुम्ही, पण बूट धुवायची अक्कल नव्हती!"

"मग बोरघिल्दबाईंना सांगितलं का नाहीत?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली. तळ्यापलीकडे धुराची बारीक रेघ वर चढत होती.

"ती दारात उभी राहून म्हणाली, तू सांगितलंस का? आईची जागा मी एका भाडेकरूला सांगेन, असं तिला वाटलंच कसं? माझं डोकं फिरलं. म्हटलं, काय समजायचं ते समज. वाटलं, आठवड्याभरात येईल नाक घासत." तिनं कप फिरवला. "तिचाही आठवडा आणि माझाही आठवडा, अजून सरलेला नाही."

"मी आज उत्तर लिहितो."

"मग लिहा की! मला काय विचारताय? माझ्यावर नाही बसायचा तिचा विश्वास. छापील माणसावर बसेल. आणि लवकर, मास्तर. परवा तिच्याकडे रुग्णवाहिका आली होती. मी इथूनच पाहिली."

तिनं किराण्याच्या वहीतलं पान फाडून दिलं. मी लिहू लागलो. दोनदा खोडलं.

"शाळेत पोरांना असंच लिहायला शिकवलंत का?" ती म्हणाली, आणि मी लिहीत असेपर्यंत पाठ फिरवून कपबशा विसळत राहिली.

मी लिहिलं: 'बोरघिल्दबाई, नाही. योरूनबाईंनी मला काहीही दाखवलं नाही, सांगितलंही नाही. त्यांच्या बुटाच्या नाडीत मी एक पाकळी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी चोरासारखा त्यांच्या पावलांवरून गेलो. जागा मी छापली. दोष सगळा माझा, आणि एकतीस वर्षांच्या गप्प बसण्याचाही माझाच. नव्या आवृत्तीत त्या फुलाखाली एवढंच असेल: उत्तरेकडच्या दलदलीत, क्वचित.'

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"नको. ते तिचं पत्र आहे." मग ती टॉवेलला हात पुसत जवळ आली. "तळाशी थोडी जागा उरलीय का?"

होती. तिनं पेन्सिलीनं तिथे काहीतरी लिहिलं, दोनतीन शब्दच असावेत, आणि मला दिसायच्या आत घडी घातली.

पाकिटाचा डिंक वाळून गेला होता. तिनं दुधात बोट बुडवून तो ओला केला. बोरघिल्दनं लावलेल्या जुन्या तिकिटाशेजारी मी एक नवं चिकटवलं. त्यावर पत्ता तिचाच, तिच्याच अक्षरात.

फाट्यावरची लाल टपालपेटी योरूनच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. बाहेर धुकं उतरत होतं. गवत ओलं होतं, आणि मागे पाहिलं तेव्हा माझ्या पावलांची गडद रेघ तिच्या दारापासून इथपर्यंत आली होती. मी पेटीची झडप उचलली आणि पाकीट आत सोडलं.