मिठाचा दगड

बेनिल्देने पिशवीतून मूठभर जाडं मीठ काढलं आणि वाटेकडेच्या चपट्या दगडावर पसरलं. गेल्या रविवारचं अर्धं मीठ नाहीसं झालं होतं. कुणी चाटलं की वाऱ्याने नेलं, हे कळायला मार्ग नव्हता. तरी ती वाकून दगडाभोवतीच्या राखेत लेंड्या शोधू लागली.

"ताई, चल गं! माणसं खोळंबलीत," वरच्या वळणावरून एलिसेओने हाक मारली.

"तुझ्या माणसांना म्हणावं, ज्वालामुखी कुठे पळून जात नाही."

माणसं हसली. सोळा पर्यटक होते, माद्रिदकडचे, कोऱ्या करकरीत बुटांतले आणि दोन्ही हातांत काठ्या घेतलेले. एलिसेओच्या अंगात गाईडचा केशरी शर्ट होता. बेनिल्देहून तो आठ वर्षांनी लहान. अठराव्या वर्षी ला पाल्मा बेट सोडून शेजारच्या मोठ्या बेटावरच्या हॉटेलात बॅगा उचलायला गेला, तो ज्वालामुखी फुटल्यावरच कायमचा परत आला. ज्याने गावाचं वाटोळं केलं, त्याच डोंगराने ह्याला पोटापाण्याला लावलं, असं ती थट्टेने म्हणायची. पण तिला त्याचं कौतुक होतं. तो चांगलं बोलायचा. एरवी त्याच्या टोळ्या जर्मन नाही तर इंग्रज असत आणि त्यातलं तिला अवाक्षर कळत नसे. काल त्याचा फोन आला होता.

"उद्या आपल्या भाषेतली माणसं आहेत, ये. आणि ऐक, वर पाइनच्या रानात कुणाला तरी तांबूस शेळी दिसली म्हणे."

ह्या दुसऱ्या वाक्यासाठी ती आली होती.

वाट काळ्या राखेची होती. पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरायचं. जळलेल्या पाइनच्या खोडांतूनच हिरव्या सुयांचे झुबके फुटले होते. बेनिल्दे दर वीस पावलांवर थांबून दम खात होती. छातीचं दुखणं तिला जुनं, राखेने ते वाढवलं होतं. म्हणूनच तर त्या दिवशी तिला आत सोडलं नव्हतं.

त्या दिवशी लाव्हा घरापासून तीन शेतांवर आला होता. घरातलं काय वाचवायचं ते वाचवायला घरटी एकाच माणसाला परवानगी होती आणि वेळ होता पंधरा मिनिटं. एलिसेओ पहिल्या बोटीने धावत आला होता. नाक्यावर तिने त्याची बाही धरली आणि म्हणाली, "कागद राहू देत, फोटो राहू देत. आधी गोठ्याचं दार उघड." गोठा घराच्या खालच्या अंगाला, अंजिराच्या पलीकडे होता. आत तेवीस शेळ्या होत्या, सगळ्यांत पुढे चालणारी, दालचिनी रंगाची कानेला नावाची शेळी धरून. तो परतला तेव्हा गाडीत आईचं शिवणयंत्र होतं, फोटोंची पेटी होती, कागद होते.

"उघडलंस?"

"उघडलं. वर गेल्या."

दोन दिवसांनी घर गेलं, गोठा गेला, अंजीर गेला. बेनिल्दे रडली, पण खचली नाही. शेळ्या वर होत्या ना! तेव्हापासून एकही रविवार तिने मिठावाचून जाऊ दिला नव्हता. शेळी माणूस विसरेल, मीठ विसरणार नाही. कधी कुणाला कड्यावर शेळी दिसायची, कधी दरीत, आणि बातमी बहुतेक वेळा एलिसेओच आणायचा. स्वतः गाडी काढून तिला घेऊन जायचा. अशा अकरा शेळ्या दिसल्या होत्या आणि ती अकरा वेळा धावली होती. दर वेळी कानाच्या दोन खाचा, तिच्या कळपाची खूण, शोधायच्या आणि दर वेळी शेळी दुसऱ्याच कुणाची निघायची, नाहीतर निघायचीच नाही.

लाकडी कठड्यापाशी एलिसेओने सगळ्यांना थांबवलं. खाली समुद्रापर्यंत काळा, गोठलेला लोट पसरला होता. त्याने हात लांब केला.

"ते तिथे, पांढऱ्या टाकीच्या डावीकडे. वीस मीटर खाली आमचं घर आहे."

सोळाही जण कठड्याकडे सरकले. तो बोलत राहिला. पंधरा मिनिटं, खिडक्यांचा थरथराट, अंगणात पडणारी राख. बेनिल्दे कठड्याला टेकून ऐकत होती. इतकं त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"मी गोठ्याचं दार ढकललं," एलिसेओ म्हणाला, "आणि तेवीस शेळ्या माझ्या अंगावरून उधळल्या. धुरात दिसत काही नव्हतं. पण घंटा ऐकू येत होत्या. वर, वर, पाइनच्या रानापर्यंत. त्या घंटा अजून माझ्या कानात आहेत."

एका बाईने डोळे पुसले. कुणीतरी एलिसेओच्या पाठीवर हात ठेवला.

बेनिल्देचा हात कठड्यावर होता तसाच राहिला.

बाबा ऑगस्टात गेले होते, लाव्ह्याच्या पाच आठवडे आधी. धनगराच्या घरात कर्ता माणूस गेला की घंटांत चिंध्या कोंबतात आणि नाताळपर्यंत कळप मुका चालतो. तिने बाबांच्या काळ्या कोटाचं अस्तर फाडलं होतं आणि एकेका शेळीला गुडघ्यांत धरून तेवीस घंटा मुक्या केल्या होत्या. एलिसेओ सकाळच्या बोटीने मातीला आला होता आणि संध्याकाळच्या बोटीने गेला होता. गोठ्याकडे फिरकलाही नव्हता.

गोष्ट रंगवायला घातल्या असतील त्याने घंटा, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. बजावणं टिकेना.

माणसं फोटो काढायला पांगली. एलिसेओ तिच्याजवळ येऊन बसला, पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरली.

"दमलीस का गं?"

"एलिसेओ, घरात माणूस गेलं की आपण घंटांचं काय करतो?"

"हे काय मध्येच? चिंध्या कोंब..."

तो थांबला. बाटली तशीच पुढे धरलेली राहिली, मग हळूहळू खाली आली.

"ताई, धूर होता. अंजिराच्या पुढे पाय टाकवेना. मी निघालो होतो गं, देवाशपथ, निघालो होतो."

"ओरडत होत्या?"

त्याने बाटलीला झाकण लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"हो," तो म्हणाला.

बेनिल्देने मान हलवली. आगीला भिऊन पळाला, ह्यासाठी तिने त्याला त्याच दिवशी माफ केलं असतं. आग बघून कोण पळत नाही? पण हा अकरा वेळा तिला गाडीत बसवून डोंगर हिंडवत होता. राखेत गुडघे टेकून ती लेंड्या शोधायची, तेव्हा हा शेजारी उभा राहून वाट बघायचा. पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या भावाने तिला असं फसवलं होतं, आणि वर तिच्याच शेळ्यांवर परक्यांच्या डोळ्यांत पाणी काढत होता.

"कालची तांबूस शेळी?" तिने विचारलं.

"तसं सांगितलं नसतं तर तू आली नसतीस, ताई. रविवारचं मीठ सोडलं तर महिनाभर घराबाहेर पडली नव्हतीस."

तेवढ्यात मघाची बाई फोन पुढे करून आली. "ते घंटांचं परत एकदा सांगाल? माझ्या मुलीला पाठवायचंय."

एलिसेओ उठला. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"सांग की," बेनिल्दे म्हणाली. "छान सांगतोस."

"आम्ही..." त्याने घसा साफ केला. "तेवीस होत्या..." बाईने फोन आणखी जवळ नेला. एलिसेओचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

बेनिल्देने खिशातली मिठाची पिशवी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

"रविवारी आता तू ठेवत जा," ती म्हणाली आणि एकटीच उतरणीला लागली.